वचन खरं आहे. महापेचं काम घ्या

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त. तुमचं पत्र मिळालं. नाव छापू नका म्हणालात, त्यामुळे नाव नाही, आणि कुणी ओळखेल अशा खुणाही गाळल्या आहेत. बाकी वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही घणसोलीत राहता आणि ठाण्यात नोकरीला जाता. यजमानांची ऐरोलीतली नोकरी कपातीत गेली, त्याला दहा महिने होत आले. घराचा हप्ता तुमच्या एकटीच्या पगारावर चाललाय, मुलगी दहावीला आहे. नोकरी गेली त्याच आठवड्यात प्रार्थनागटातल्या एका बंधूंनी बायबलमधलं यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं परमेश्वर सांगतो ते) हे ‘तुमच्यासाठीचं वचन’ म्हणून दिलं. ते फ्रिजवर लावलंय आणि यजमान रोज रात्री झोपण्याआधी उभं राहून ते तीनदा मोठ्याने म्हणतात. आता महापेच्या एका गोदामात माल रवाना करण्यावर देखरेखीचं काम चालून आलंय. पगार पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास. यजमान म्हणतात, प्रभूने सुस्थितीचं वचन दिलं असताना हे घेणं म्हणजे अविश्वास. गटातून सुचवलं जातंय की पीएफच्या पैशातून ‘विश्वासाचं बी’ म्हणून मोठं दान द्या, म्हणजे दार उघडेल. आणि तुम्ही विचारता, “माझी आजी शास्त्रावर जगली. मी रोज वाचते आणि मला काहीच होत नाही. माझ्या विश्वासात खोट आहे का?”

आधी जे तातडीचं आहे ते. यजमानांनी महापेचं काम घ्यावं. पीएफला हात लावू नये. आणि तुमच्या विश्वासात खोट असल्याचं मला तुमच्या पत्रात कुठेही दिसलं नाही. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण तुम्हाला ते घरी सांगावं लागणार आहे, आणि “सदरात लिहून आलंय” एवढ्याने यजमानांचं समाधान होणार नाही. होऊही नये. त्यांना शास्त्रातूनच दाखवा.

यिर्मयाचा २९वा अध्याय पहिल्या वचनापासून वाचायला घ्या. ते एक पत्र आहे. नबुखद्नेस्सर राजाने यखन्या राजाला आणि त्याच्याबरोबर यरुशलेमेतल्या कारागिरांना, लोहारांना, घरंदाज लोकांना धरून बाबेलला नेलं, ते साल इ.स.पूर्व ५९७. तिथे परक्या मुलखात बसलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून हे पत्र पाठवलं. आता पाचव्या वचनापासून त्यात काय आहे पाहा. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, लेकरं होऊ द्या. ज्या नगरात मी तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. दहाव्या वचनात मुदत आहे: सत्तर वर्षं. आणि त्यानंतर ते अकरावं वचन येतं, जे तुमच्या फ्रिजवर आहे.

म्हणजे ज्यांना ते पत्र वाचून दाखवलं गेलं, त्यांतले बरेचसे बाबेलातच मरणार होते. त्यांना परमेश्वराने सांगितलं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. आणि त्याच दमात सांगितलं की आता कुदळ उचला आणि मळा लावा. यजमानांना विचारा, या दोन गोष्टी परमेश्वराने एकत्र सांगितल्या असतील, तर आपण त्यांतली एक भिंतीवर लावून दुसरी कशी नाकारायची? महापेचं गोदाम हा तुमच्या यजमानांचा मळा आहे.

याच्या आधीचा, २८वा अध्यायही त्यांच्याबरोबर वाचा. त्यात हनन्या नावाचा एक संदेष्टा येतो. तो मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल: मंदिरातली पात्रं, राजा, बंदिवान, सगळं. लोकांना ऐकायचं होतं तेच. मला त्या प्रसंगात यिर्मयाचं उत्तर फार हलवून जातं. तो म्हणतो, “आमेन, परमेश्वर असेच करो.” त्यालाही तेच हवं होतं. आपल्या लोकांचे हाल बघून त्याला काही आनंद होत नव्हता. पण हवं असणं वेगळं आणि परमेश्वराने तसं सांगितलेलं असणं वेगळं, हे त्याला कळत होतं. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं लाकडी जू हनन्याने उचलून मोडून टाकलं, तेव्हा यिर्मया काही न बोलता निघून गेला. पुढे परमेश्वराचं वचन आलं तेव्हाच परत येऊन बोलला. आणि पत्रात, तुमच्या अकराव्या वचनाच्या तीनच वचनं आधी, परमेश्वर बजावतो की तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला फसवू नयेत. त्या बंधूंनी तुम्हाला वाईट हेतूने वचन दिलं असं मी म्हणत नाही. तुमच्यासाठी त्यांचा जीव तुटला असेल. पण पत्रातलं एक वाक्य उचलून त्यांनी ते हनन्याच्या ‘दोन वर्षांत सगळं परत’च्या बाजूला नेऊन ठेवलं.

मग ते वचन आपलं नाहीच का? आहे. बंदिवासातल्या लोकांचं ज्याने हित चिंतलं, तोच देवबाप ख्रिस्तात आपल्याला भेटला आहे, आणि त्याचे संकल्प बदललेले नाहीत. ते फ्रिजवरून काढू नका. त्याच्या वर पाच ते सात ही वचनंही लिहून लावा. तुमच्या मुलीने “हे वचन खोटं आहे का?” असं विचारलं, असं लिहिलंत ना? तिला गप्प करू नका. दहावीची मुलगी आहे, तिला दोन्ही अध्याय समोर बसवून वाचून दाखवा. तिचा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर शास्त्रात आहे.

एक आठवलं म्हणून सांगते. नवी मुंबईत आपले बहुतेक लोक कुठून तरी आलेले आहेत. १९७० साली हे शहर वसवायला सिडको स्थापन झाली, इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या, त्यांवर सेक्टर उभे राहिले, आणि नगर, जालना, सोलापूरकडची आपली कुटुंबं कामाच्या शोधात इथे आली. रविवारच्या उपासनेनंतर चहाला उभं राहिलं की प्रत्येकाच्या तोंडी गावाकडची मंडळी असते. ‘ज्या नगरात मी तुम्हाला नेलं आहे’ हे शब्द इथल्या माणसाला लागू करायला फार ओढाताण करावी लागत नाही. घणसोलीहून महापेला एनएमएमटीच्या बसने जाऊन आठ-नऊ तास प्रामाणिकपणे माल रवाना करणं, हे या शहराचं हित पाहणंच आहे.

यजमानांना कमी पगाराच्या, कमी मानाच्या कामाची लाज वाटत असेल. दहा महिन्यांनी ती वाटणं माणसाला धरून आहे, तिच्यावर रागावू नका. त्यांना प्रेषितांची कृत्ये, १८वा अध्याय काढून द्या. गमलियेलासारख्या नामांकित शास्त्रगुरूच्या पायाशी बसून शिकलेला प्रेषित पौल करिंथात येतो आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून राहुट्या करण्याचं काम करतो. सुवार्तेचं सामर्थ्य त्याच्यात कमी होतं म्हणून तो सुई-दोरा हातात घेत नव्हता.

आणि त्याच पौलाचं ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे वचन. फिलिप्पैकरांस पत्र ४:१३. आपल्याकडे परीक्षेच्या हॉल तिकिटापासून दुकानाच्या पाटीपर्यंत ते दिसतं. ते लिहिताना पौल बंदीत होता. वरच्याच दोन वचनांत तो सांगतो की ‘सर्वकाही’ म्हणजे काय: विपन्नतेत राहणं आणि संपन्नतेत राहणं, पोट भरलेलं असणं आणि उपाशी असणं, दोन्ही मी शिकलो आहे. निम्म्या पगारात घर चालवून देवावर चिडायचं नाही, बायकोवर खेकसायचं नाही, मुलीसमोर खोटं हसायचं नाही, यालाही सामर्थ्य लागतं. पौल त्याच सामर्थ्याबद्दल बोलतो. मला तर वाटतं की मोठ्या पगाराची नोकरी मिळायला त्याच्या निम्मंही लागत नसेल.

आता गटाबद्दल. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या कळसावर नेऊन उडी टाक म्हणतो आणि पुरावा म्हणून शास्त्र दाखवतो, ९१व्या स्तोत्रातलं: देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. शब्द तंतोतंत खरे, स्तोत्र देवाचंच. तरी ती परीक्षा होती. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली, म्हणजे चाळीस वर्षं रानात फिरून आलेल्या लोकांना मोशेने जे सांगितलं त्यातली. देवाची परीक्षा पाहू नको, हे त्यांतलं एक. आणि त्याआधीचं पाहा. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस, ज्याच्या तोंडच्या शब्दाने दगडाची भाकर झाली असती, तो तसं करत नाही. पित्याच्या मुखातून निघणाऱ्या वचनाने जगणं त्याला भाकरीपेक्षा मोठं वाटतं. शास्त्राचं सामर्थ्य कसं दिसतं हे जर कुणाला दाखवायचं असेल तर मी हा प्रसंग दाखवीन. येशू वचन वापरून पित्याकडून काही काढून घेत नाही. तो वचनाच्या ताब्यात राहतो.

रात्री तीनदा वचन मोठ्याने म्हणणं वाईट नाही. पण यजमानांच्या मनात जर असं बसलं असेल की आवाज आणखी चढवला, संख्या आणखी वाढवली म्हणजे देव हलेल, तर तिथे थांबायला हवं. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनेच सांगितलं आहे की परराष्ट्रीयांसारखी निरर्थक बडबड करू नका. तुम्हाला कशाची गरज आहे हे तुम्ही मागण्याआधीच तुमचा पिता जाणून आहे.

पीएफचं दान देऊ नका. इथे मला जरा कडक बोलायचं आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल दानाबद्दलच लिहितोय, यरुशलेमेतल्या गरजू पवित्र जनांसाठी मदत गोळा करताना. तो म्हणतो, जे ज्याच्याजवळ आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. पुढच्या अध्यायात म्हणतो, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये. ज्या घराचा हप्ता चुकायच्या बेतात आहे, त्या घराच्या शेवटच्या शिलकीवर बोट ठेवून ‘एवढं दिलंत तर दार उघडेल’ म्हणणं हे या दोन अध्यायांत कुठेही बसत नाही. जो आग्रह करत असेल त्याला हे अध्याय वाचायला सांगा, नम्रपणे पण स्पष्ट सांगा. त्यांना वाईट वाटेल, वाटू द्या. बिरुया नगरातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात शोधून पडताळून पाहिलं, आणि त्यांची त्याबद्दल वाखाणणीच झाली आहे.

“तुमच्यात कुठेतरी अविश्वास आहे” असं ज्या भगिनींनी तुम्हाला सांगितलं, त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ईयोबाच्या दुःखात त्यालाच दोष देणाऱ्या अलीफज या मित्राला परमेश्वर म्हणतो, तू आणि तुझे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. ईयोब अध्यायच्या अध्याय देवाशी भांडला होता. त्याच्याबद्दल मात्र परमेश्वर म्हणतो की तो यथार्थ बोलला.

यावरून तुमच्या आजीकडे येते. तुमच्या पत्रातला तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. आजीच्या पवित्र शास्त्रात समासात पेन्सिलने सालं लिहिलेली आहेत, आणि १३व्या स्तोत्राजवळ ‘१९७२’ असं लिहिलंय, एवढं तुम्ही ओझरतं सांगून पुढे गेलात. थांबा तिथे. १९७२ म्हणजे दुष्काळ. तुम्हीच लिहिलंय की आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून लेकरांसाठी आणायची. आता १३वं स्तोत्र काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार? तू आपले मुख माझ्यापासून कोठवर लपवणार?

तुमच्या आठवणीत आजी म्हणजे न डगमगणारी विश्वासू बाई आहे. तशी ती असेलच. पण त्या वर्षी तिने स्वतःच्या हाताने साल घातलं ते ‘तू मला विसरलास का’ असं विचारणाऱ्या स्तोत्रावर. आणि सकाळी उठून हातोडी घेऊन कामावर गेली. दहा महिने तुमच्या यजमानांनी रोज रात्री फक्त आशेची वाक्यं म्हटली आहेत. आपल्याला भीती वाटतेय, हे त्यांना एकदाही देवासमोर म्हणायची मुभा मिळाली नाही. ती मुभा शास्त्र देतं. १३वं स्तोत्र शेवटी गाण्यापर्यंत पोचतं, पण ८८वं तेवढंही करत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते देवाच्या वचनात आहे. एखाद्या रात्री यिर्मयाऐवजी दोघं मिळून ही दोन स्तोत्रं वाचा. रडू आलं तर येऊ द्या.

तुम्ही विचारता आजीचं सामर्थ्य मला का मिळत नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्राचा अभ्यास तर त्यांचा होताच, त्यांच्याइतकी व्युत्पन्न बाई आपल्या मंडळीत क्वचितच झाली. तरी पुढे काही वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण धर्मापलीकडे खुद्द ख्रिस्त हवाय, आणि हे त्यांनी आपल्या साक्षीत उघड लिहून ठेवलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या, अर्धशिक्षित बायकांना कळावं म्हणून इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत शास्त्राचं भाषांतर केलं, ते त्यांच्या शेवटच्या वर्षांपर्यंत चाललं होतं. १९२२ साली त्या गेल्या. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. तुमचा विश्वास आजीच्या घरातून आला, हे मोठं देणं आहे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्यालाही ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडूनच मिळालं होतं. पण लोईसचा विश्वास तीमथ्याला जगायला पुरला नसता. आजीच्या समासातली सालं तिची आहेत. तुमची तुम्हाला घालावी लागतील, आणि हे वर्षही त्यांत येईल.

कसं वाचायचं, तेही विचारलंत. रोज सकाळी मोबाइलवर येणारं एक वचन आणि त्याला ‘आमेन’, एवढ्यावर भागवू नका. ट्रान्स-हार्बरला घणसोलीला चढल्यापासून ठाण्याच्या पुलावर येईपर्यंत फिलिप्पैकरांस पत्राचा बराचसा भाग वाचून होतो. चारच अध्याय, १०४ वचनं. गर्दीत उभं राहून मोबाइलवर वाचलं तरी चालतं. रोज तेच पत्र, आठवडाभर. मग दुसरं घ्या. आणि वाचून झालं की त्यातली एकच गोष्ट निवडा, जी संध्याकाळपर्यंत पाळता येईल. याकोब म्हणतो, वचन नुसतं ऐकणारा माणूस आरशात तोंड बघून लगेच विसरणाऱ्यासारखा आहे.

तुम्ही लिहिलंत की परवा कामावरून आल्यावर सिंकमध्ये दुपारची भांडी तशीच पाहून तुमच्या तोंडून निघून गेलं, “दिवसभर घरी बसून एवढंही होत नाही?” आणि यजमान त्या रात्री जेवले नाहीत. ‘तुमच्या मुखातून कसलेही कुजके भाषण न निघो’, हे इफिसकरांस ४:२९. उद्या दार उघडायच्या आधी, लिफ्टमध्ये, हे एवढंच मनात घ्या. भांडी असतील. ते वाक्य जिभेवर येईल. ते न बोलता तुम्ही पर्स ठेवलीत, तर त्या क्षणी वचनाने तुमच्या घरात काम केलं, असं मी छातीठोकपणे म्हणेन. आणि निघून गेलंच, तर झोपायच्या आत माफी मागा. सूर्य मावळण्याआधी राग सोडा हे त्याच अध्यायात आहे.

यजमान रात्री दोन-तीनला उठून गॅलरीत बसतात, हे मात्र मला काळजीचं वाटतं. डॉक्टरांना दाखवा. लूक हा वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबती होता. औषध घेणं आणि विश्वास ठेवणं यांत शास्त्राला कधीच अडचण वाटलेली नाही. मन फारच खचलेलं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. हप्ता चुकायच्या आधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का ते विचारा. चुकल्यानंतर बोलणं अवघड होतं.

महापेवाल्यांना शनिवारपर्यंत कळवायचं आहे म्हणालात. शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या पाळकांची वेळ मागून घ्या, दोघंही जा, यिर्मयाचे दोन्ही अध्याय त्यांच्यासमोर वाचा आणि त्यांना प्रार्थना करायला सांगा. गटातल्या ज्या बंधूंनी वचन दिलं त्यांनाही बोलावलंत तर उत्तमच. शनिवारी सकाळी यजमानांनी स्वतः फोन करावा, तुम्ही करू नका. पहिल्या दिवशी डबा लवकर लागेल, आणि शिफ्टची वेळ, साप्ताहिक सुट्टी रविवारी मिळते का, हे फोनवरच विचारून घ्यायला सांगा.

प्रभूत तुमची,
ताई